कोंबड्यांच्या जोडीला टर्की : घर एक, माती वेगळी



शेतीला पूरक धंदा म्हणून परसातील कोंबडीपालन आपल्याकडे नवे नाही. गावरान कोंबड्या घरोघरी आहेतच. त्यांच्या जोडीला गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची पिल्लेही बऱ्याच ठिकाणी आली. आता त्याच अंगणात काही ठिकाणी दोन-चार टर्कीही दिसतात. कोणी आठवडी बाजारातून हौसेने जोडी आणतो, कोणी नाताळच्या विक्रीवर डोळा ठेवून पंचवीस-तीस पिल्ले घेतो. शिवारफेरीत अशा शेतकऱ्यांची गाठ पडली की एक प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, कोंबड्यांबरोबरच सोडल्या तर चालेल ना?"

प्रस्तुत लेखक शस्यशास्त्राचा. पक्ष्यांचे आजार हा पशुवैद्यकांचा विषय, आणि औषधोपचाराबाबत त्यांचाच शब्द अखेरचा मानावा. तरीही या प्रश्नावर लिहावेसे वाटले, कारण त्याचे उत्तर पक्ष्यात कमी आणि मातीत जास्त आहे. एका घरी कोंबड्या व टर्की दोन्ही पाळता येतात. मात्र दोन्ही एकाच मातीवर चरावयास सोडू नयेत. असे का, आणि दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला ते कसे जमवावे, याचा विचार पुढे केला आहे.

ही टर्की कोणती?

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी होय. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळविला आणि सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला. आपल्याकडची त्याची जुनी नोंद गोव्याशी जोडलेली आहे. इ. स. १६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदाराने बादशहा जहांगीरसाठी गोव्याहून ज्या नवलाईच्या गोष्टी नेल्या, त्यांत एक टर्की नर होता. क्षणाक्षणाला रंग पालटणारी त्याची मान पाहून बादशहाला एवढे कौतुक वाटले की, त्याने त्याचे वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवले आणि मन्सूर या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात. आपण तो शब्द फळासाठी वापरतो.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यानंतर रुंद छातीच्या पांढऱ्या टर्कीने सगळा बाजार व्यापला. छातीवरचे मांस इतके वाढविण्यात आले की, त्या नराला मादीशी नैसर्गिक समागम करता येत नाही. त्यांची पैदास कृत्रिम रेतनानेच करावी लागते. या पक्ष्यापुढे ब्रॉन्झ, नॅरागॅन्सेट, बोर्बन रेड, स्लेट अशा जुन्या जाती मागे पडल्या. १९९७ साली तेथे मोजणी झाली, तेव्हा या सर्व जुन्या जाती मिळून पैदाशीचे जेमतेम तेराशेच्या आसपास पक्षी उरले होते. त्यानंतर छोट्या शेतकऱ्यांनी त्या पुन्हा पाळावयास घेतल्या. तिकडे त्यांना 'वारसा जाती' म्हणतात आणि त्यासाठी तीन कसोट्या लावतात : पक्षी नैसर्गिक समागमाने वाढावा, मादी पाच ते सात वर्षे व नर तीन ते पाच वर्षे पैदाशीस उपयोगी राहावा, आणि वाढ सावकाश, म्हणजे विक्रीचे वजन सुमारे २८ आठवड्यांनी यावे.

या यादीतली बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट ही जात आपल्या ओळखीची आहे. छोट्या कुटुंबाला पुरेल असा आटोपशीर पक्षी हवा, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने ती बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात तयार केली. पुढे ती तिकडेच दुर्मीळ झाली. भारतात मात्र बरेली-इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केले आणि तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने देशी काळी टर्की व ही पांढरी जात यांच्या संकरातून 'नंदनम टर्की-१' तयार केली.

आपल्या बाजारात येणाऱ्या काळ्या, करड्या किंवा ठिपकेदार टर्कींना कसलीही वंशावळ नसते. त्यांना शास्त्रोक्त अर्थाने वारसा जात म्हणता येणार नाही. परंतु त्या स्वतः जोडी जमवतात, अंड्यांवर बसतात, चरून खातात आणि पावसापाण्यात तग धरतात. लहान शेतकऱ्याला हेच गुण हवे असतात. लवकर वजन घेणारा रुंद छातीचा पक्षी विकतच्या खाद्यावर आणि बंदिस्त शेडमध्येच परवडतो. परसातल्या धंद्यासाठी त्याचा मोह धरू नये, असे आमचे मत आहे.

रोगाचे मूळ मातीत

टर्की व कोंबडी यांच्या एकत्र वावरण्यातला मोठा धोका म्हणजे 'ब्लॅकहेड' अर्थात काळे डोके हा रोग. हिस्टोमोनास नावाच्या एकपेशीय परोपजीवीमुळे तो होतो. अमेरिकेत १८९५ साली थिओबाल्ड स्मिथ यांनी या जंतूचे वर्णन केले. पुढे १९२० मध्ये त्याच स्मिथ यांनी ग्रेबिल यांच्यासह असे दाखविले की, हा जंतू पक्ष्यापर्यंत पोहोचतो तो एका कृमीच्या अंड्यात बसून.

हा कृमी म्हणजे हेटेरॅकिस. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात राहणारा, एक ते दीड सेंटिमीटर लांबीचा, पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत. गावरान कोंबड्यांत तो सर्रास असतो आणि कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही. हिस्टोमोनास झाला तरी कोंबडी बहुधा सहज निभावून नेते. अंगात रोग बाळगून ती खात-पीत, अंडी घालत राहते. पण तिच्या विष्ठेतून जंताची अंडी जमिनीवर पडतात आणि त्या अंड्यांच्या आत हिस्टोमोनास दडलेला असतो. उघड्यावर हा जंतू काही तासांत मरतो. जंताच्या अंड्यात मात्र तो मातीत तीन-चार वर्षेसुद्धा टिकतो. टर्कीने ती माती टोचली की, जंतू तिच्या आंधळ्या आतड्यात उतरतो, तेथून यकृतात जातो, आणि मग कळपातली बहुतेक पिल्ले दगावण्यापर्यंत मजल जाते.

तूर उत्पादक शेतकऱ्याला हे समजावयास जड जाऊ नये. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. मर लागलेल्या वावरात आपण पुन्हा तूर घेत नाही. ज्वारी किंवा दुसरे पीक घेऊन फेरपालट करतो. ज्वारीला त्या बुरशीचे काही होत नाही. येथेही तसेच आहे. जमीन रोगट असते, एका पक्ष्याला ती बाधत नाही, दुसऱ्याला बाधते. फरक एवढाच की, येथे जमीन रोगट करण्याचे काम न बाधणारा पक्षीच करीत असतो.

यात गांडुळाची भर पडते. जमिनीत पडलेली जंताची अंडी गांडूळ मातीबरोबर गिळते. त्यातून निघालेल्या अळ्या गांडुळाच्या शरीरात जिवंत राहतात आणि साठत जातात. एखादे गांडूळ म्हणजे मग रोगाची भरलेली पुडीच. पहिल्या मोठ्या पावसानंतर गांडुळे वर येतात, टर्की त्यांवर तुटून पडतात आणि पुढल्या पंधरवड्यात मरतूक सुरू होते. शेतकरी म्हणतो पावसाने पक्षी मेले. पाऊस हे निमित्त असते.

टर्की गांडुळे, वाळवी, गोगलगाई खाते, त्यामुळे खाद्याचा खर्च वाचतो, असे पुष्कळ पत्रकांत छापलेले आढळते. ते खोटे नाही. मात्र ज्या जमिनीवर कोंबड्या फिरल्या नाहीत, तेथेच ते खरे आहे. आमच्याच विभागाच्या आग्रहाने अनेकांनी गांडूळखताचे वाफे केले आहेत. त्यांत कोंबडीखत टाकले असल्यास त्या वाफ्यातील गांडुळे टर्कीला मुळीच घालू नयेत आणि वाफ्याभोवती जाळी लावावी.

रोगाची लक्षणे अशी : पक्षी कळपापासून दूर, पंख पाडून, डोळे मिटून उभा राहतो, खाणे सोडतो, आणि गंधकासारखी पिवळी पातळ विष्ठा टाकतो. ही पिवळी विष्ठा सर्वांत महत्त्वाची खूण होय. डोके काळेनिळे पडतेच असे नाही. नावावर विसंबून डोक्याकडे पाहत बसू नये. साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या पिल्लांत रोगाचा जोर जास्त असतो, पण मोठे पक्षीही सुटत नाहीत. मेलेला पक्षी उघडल्यावर यकृतावर मध्ये खोलगट असलेले गोल, फिकट डाग दिसतात आणि आंधळ्या आतड्यांत चीजसारखा घट्ट पदार्थ भरलेला आढळतो. एकदा रोग शिरला की आजारी टर्कीच्या ताज्या विष्ठेतून तो जवळच्या टर्कींना थेट लागतो, मध्ये जंताची गरज उरत नाही. म्हणून पहिला सुस्त पक्षी दिसताच त्याच दिवशी तो वेगळा करावा. 'उद्या बघू' म्हणू नये.

औषधाच्या आशेवर राहू नये. अमेरिकेत या रोगाच्या प्रतिबंधासाठी वापरले जाणारे नायटार्सोन हे आर्सेनिकयुक्त औषध २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले. युरोपातही पूर्वीची औषधे खाण्याच्या पक्ष्यांसाठी बंद झाली आहेत. जंतनाशकाने कृमी मरतात. पक्ष्याच्या शरीरात शिरलेला हिस्टोमोनास किंवा मातीतली अंडी मरत नाहीत. म्हणजे जे काही करावयाचे ते रानाच्या मांडणीतच.

रानाची मांडणी

टर्कीसाठी अशी जागा निवडावी की, जेथे निदान तीन-चार वर्षांत कोंबड्या फिरलेल्या नाहीत आणि कोंबडीखतही पडलेले नाही. घराजवळचे परस सहसा या कसोटीला उतरत नाही. ते कोंबड्यांकडेच राहू द्यावे. टर्की बांधापलीकडच्या पिकाखालच्या तुकड्यात, फळबागेत किंवा पडीत माळावर न्याव्यात.

उतार पाहावा. टर्कीचे कुंपण वरच्या अंगाला आणि कोंबड्यांचे खुराडे खालच्या अंगाला असावे. उलट झाले तर पावसाळ्यात खुराड्याचे पाणी, आणि त्याबरोबर जंताची अंडी, टर्कीच्या रानात वाहत येतात. दोन जागांमध्ये चर खणून पाणी बाजूला काढल्यास उत्तम.

जमिनीचा पोतही विचारात घ्यावा. ओलावा धरणाऱ्या, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या जमिनीत गांडुळे अधिक आणि जंताची अंडीही अधिक टिकतात. मुरमाड किंवा वाळूसर, लवकर वाळणाऱ्या जमिनीत धोका त्या मानाने कमी. पिकासाठी आपण जी जमीन हलकी म्हणून नाके मुरडतो, ती टर्कीला बरी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने ओल हटत नाही. तेथे पिल्ले या काळात जमिनीवर सोडूच नयेत.

कुंपणाच्या आत चरावयास सोडावयाच्या असल्यास मोठ्या टर्की एकरी २०० ते २५० पर्यंत ठेवता येतात, असे शिफारशीत सांगितले आहे. लहान शेतकऱ्याकडे वीस-पंचवीस पक्षी असतात. त्यांना पाच-सहा गुंठे पुष्कळ झाले. त्याचे तीन-चार भाग करावेत आणि दर पंधरवड्याला पक्षी पुढच्या भागात न्यावेत. एका भागात लसूणघास, दुसऱ्यात दशरथ घास किंवा स्टायलो लावावा. टर्कीच्या आहारात निम्म्यापर्यंत हिरवा चारा चालतो, कोंबडीला तो इतका मानवत नाही. पक्षी विकून झाले की उन्हाळ्यात हा तुकडा नांगरून तापू द्यावा. उन्हाने व कोरडेपणाने वरच्या थरातील अंडी कमी होतात. सगळी मरतात असे नाही, म्हणून नांगरट हा जागा बदलण्याला पर्याय समजू नये. फेरपालटीचा नियम एका ओळीचा आहे : टर्की चरलेल्या जागेवर पुढे कोंबड्या चालतील, कोंबड्यांच्या जागेवर टर्की चालणार नाहीत.

ज्यांच्याकडे दुसरा तुकडाच नाही, त्यांनी टर्की जमिनीवर न सोडता मचाणावर वाढवाव्यात. अमेरिकेत या रोगाने कळप बसले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी हाच मार्ग धरला होता. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचीवर बांबूच्या फाकांची किंवा जाड जाळीची तळी करावी, विष्ठा खाली पडू द्यावी. शेळ्यांसाठी असे मचाण कोकणात बांधतात, त्याच धर्तीचे. कोबा केलेल्या खोलीत भाताच्या तुसाची गादी घालूनही भागते. निदान पहिले बारा ते सोळा आठवडे तरी पिल्लांचा पाय मातीला लागू देऊ नये.

राहता राहिला माणसाचा पाय. खुराड्यातली विष्ठा चपलेला लावून आपणच टर्कीच्या रानात नेतो. टर्कीच्या फाटकाशी वेगळी चप्पल ठेवावी. खोरे, पाटी, पाण्याची भांडी वेगळी असावीत. आणि सकाळी आधी टर्कीचे काम उरकून मग कोंबड्यांकडे वळावे. घरातील मुले आणि गडीमाणसे यांना कारण समजावून सांगावे, नाहीतर ही शिस्त आठ दिवसही टिकत नाही.

आधीच एकत्र असतील तर

"आमच्याकडे चार वर्षे दोन्ही एकत्र आहेत, काही झाले नाही," असेही शेतकरी सांगतात आणि ते खरे असते. सगळ्याच कोंबड्यांत हेटेरॅकिस नसतो आणि असला तरी प्रत्येक अंड्यात हिस्टोमोनास नसतो. ज्या जमिनीत हा जंतू अजून आलेला नाही, तेथे एकत्र पाळूनही निभते. मात्र बाजारातून आणलेली एक नवी कोंबडी तो घेऊन येऊ शकते, आणि आल्याचे त्या कोंबडीकडे पाहून कळत नाही.

आपल्या खुराड्यात जंत आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी पद्धत आहे. घरी खाण्यासाठी कोंबडी कापाल तेव्हा आतड्याच्या शेवटाकडे असलेल्या दोन बंद पिशव्या, म्हणजेच आंधळी आतडी, टोकाकडून चिरून ताटलीतल्या पाण्यात झटकाव्यात. पांढरे, दोऱ्यासारखे, वळवळणारे जंत दिसले तर तुमची जमीन टर्कीच्या पिल्लांना धोक्याची आहे असे धरावे. दोन-तीन कोंबड्यांत पाहूनच निष्कर्ष काढावा. स्वयंपाकघरात कोंबडी साफ करणाऱ्या भगिनींनी हे काम केल्यास प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

जंत आढळल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने कोंबड्यांना ठरावीक अंतराने जंतनाशक द्यावे, मोठ्या टर्की शक्य तेवढ्या लवकर वेगळ्या जागी हलवाव्यात आणि नवी पिल्ले त्या अंगणात आणू नयेत.

अंडी व पिल्ले

टर्कीची मादी सुमारे तीस आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते. वर्षाला साधारण ६० ते १०० अंडी मिळतात, अंड्याचे वजन ८५ ग्रॅमच्या आसपास असते आणि बहुतेक अंडी दुपारनंतर घातली जातात. त्यामुळे सकाळीच घरटे पाहून निराश होऊ नये. पाच माद्यांस एक नर पुरे होतो. उबवणीचा काळ २८ दिवसांचा.

खेड्यात टर्कीची अंडी खुडूक गावरान कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत आहे. गावरान कोंबडीइतकी भरवशाची आई दुसरी नाही हे मान्य. पण येथे तीच रोगाची वाहक असू शकते. यातून मार्ग असा की, अंडी तिच्याखाली उबवावीत, पिल्ले मात्र अंड्यातून निघून सुकताच काढून घ्यावीत आणि बल्बच्या उबेवर वाढवावीत. अंड्यातून हा रोग येत नाही. तो येतो कोंबडीमागे जमीन टोचत फिरण्यातून. कोंबडीला २१ ऐवजी २८ दिवस बसावे लागते, तेव्हा तिला रोज उठवून दाणा-पाणी द्यावे. टर्कीची अंडी मोठी असल्याने तिच्याखाली पाच-सहांपेक्षा अधिक ठेवू नयेत.

पहिला आठवडा कसोटीचा असतो. टर्कीचे पिल्लू खाणे-पिणे पटकन शिकत नाही, समोर दाणा असून उपाशी मरते. यावर अनेक उपाय आहेत. भांड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारावी. खाद्यात व पाण्यात रंगीत गोट्या ठेवाव्यात, त्यांवर चोच मारता मारता दाणा तोंडात जातो. हिरवा रंग त्यांना आवडत असल्याने बारीक चिरलेला लसूणघास वरून भुरभुरावा. दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. दोन-चार कोंबडीची पिल्ले त्यांच्यात सोडली की ती पाहून टर्कीची पिल्ले शिकतात. हा उपाय उत्तम आहे, परंतु ती पिल्ले उबवण यंत्रातून थेट आलेली, मातीला पाय न लागलेली असावीत. घरच्या यंत्रात दोन्ही एकदम काढावयाची असल्यास टर्कीची अंडी ठेवल्यानंतर सातव्या दिवशी कोंबडीची अंडी ठेवावीत.

उबेचे तापमान पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ठेवून दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावे. पहिले चार आठवडे ऊब लागतेच, थंडीत सहा आठवड्यांपर्यंत. पाण्याचे भांडे उथळ असावे, कारण पिल्ले सहज बुडतात.

खाद्य : दोन ठिकाणी सावधगिरी

टर्कीच्या पिल्लाला पहिले चार आठवडे २८ टक्के, पुढील चार आठवडे २६ टक्के प्रथिने लागतात. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात ती वीस-बावीस टक्के असतात. दोघांना एकाच परातीत घातले तर टर्की खुरटते. पण याहून गंभीर बाब दुसरी आहे. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध मिसळलेले असते. त्यांपैकी सॅलिनोमायसिन व नॅरासिन ही औषधे कोंबडीला चालतात, टर्कीला विषासारखी आहेत. पायांतली शक्ती जाऊन पक्षी बसतो आणि मरतो. पोत्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय कोंबडीखाद्य टर्कीला घालू नये. चिठ्ठीवर औषधाचे नाव नसेल आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल, तर ते पोते घेऊ नये.

दुसरी गोष्ट भुईमूग पेंडीची. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्ले अचानक मेली. शोध घेता ब्राझीलमधून आलेल्या भुईमूग पेंडीतली बुरशी कारण निघाली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा जगाला पत्ता लागला. कोंबडी जेवढे अफ्लाटॉक्सिन सोसते, तेवढे टर्कीचे पिल्लू सोसू शकत नाही. पावसात सापडलेल्या शेंगांची पेंड, बुरसा आलेला मका, कुबट वास येणारी कणी टर्कीला घालू नये. 'माणसांना नको ते पक्ष्यांना' हा हिशेब येथे महागात पडतो. घरचे खाद्य बनविताना चांगला वाळलेला मका, सोयाबीन पेंड, मासळीची कुटी व क्षारमिश्रण वापरावे. एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे.

लसीकरण कोंबड्यांप्रमाणेच. मानमोडीसाठी पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-१ आणि सहा ते आठ आठवड्यांनी आर-२ बी. देवीची लस चार-पाच आठवड्यांनी. दोन्ही कळपांना एकाच दिवशी टोचून घेतल्यास कुपी वाया जात नाही. कोंबड्यांना सर्दी झाल्यासारखी वाटली तर त्यांच्याकडून टर्कीला मायकोप्लाझ्मा होऊन डोळ्यांखाली सूज येते, तिकडे लक्ष ठेवावे. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळल्यापासून याबाबत हयगय परवडणारी नाही.

विक्रीचा हिशेब उलटा मांडावा

टर्कीला रोजचे गिऱ्हाईक नाही. गोवा, मुंबई, पुणे येथे नाताळात मागणी असते. गिऱ्हाईक आधी, पिल्ले नंतर, असा क्रम ठेवावा. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला २८ आठवडे लागतात. २० डिसेंबरला पक्षी विकावयाचा तर पिल्लू ७ जूनच्या सुमारास निघावे लागेल आणि अंडी १० मेला उबवणीस ठेवावी लागतील. म्हणजे पिल्ले नेमकी मृगाच्या तोंडावर निघतात आणि कोवळ्या वयात ओल व गांडुळे दोन्ही समोर येतात. त्यापेक्षा एप्रिलअखेर पिल्ले काढावीत. जूनच्या मध्यात ती सहा-सात आठवड्यांची होतात, उबेतून बाहेर आलेली असतात आणि मचाणावर किंवा छपराखाली पावसाळा काढू शकतात. सप्टेंबरअखेर रान वाळू लागले की त्यांना कोऱ्या जमिनीवर चरावयास सोडावे. डिसेंबरात पक्षी सुमारे ३३ आठवड्यांचे भरतात. पाच आठवड्यांचे खाद्य जास्त लागते, ते चराईने बरेचसे भरून निघते.

सगळे पक्षी एकदम विकू नयेत. आपल्याच रानात, आपल्याच पावसाळ्यातून जे सशक्त निघाले, पाय सरळ आहेत, वाढ बरोबरीच्यांपेक्षा उजवी आहे, अशा पाच माद्या राखाव्यात. नर मात्र दुसऱ्या गावाहून आणावा, कारण घरच्याच नराने दोन-तीन पिढ्यांत अंडी फुटण्याचे प्रमाण घसरते. हा नर आणल्यावर महिनाभर वेगळा, कोब्यावर किंवा मचाणावर ठेवावा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला जंतनाशक द्यावे आणि मगच माद्यांत सोडावा.